वंदनाला मी कमी दिलेले मार्क

"कायची तपासणी करता जी तुम्ही?" देवळीच्या एसटीत शेजारच्या बाईनं मला विचारलं. मांडीवर जाड फाईल, गळ्यात ओळखपत्र. तिला वाटलं असेल, ही शाळा तपासणारी मास्तरीण. मी म्हणाले, "माणसं नीट मरतात का, ते तपासते." बाई थोडी सरकून बसली आणि पुढच्या थांब्यावर उठून तिनं जागाच बदलली.

खोटं काय सांगायचं, कामच ते होतं. बत्तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं इन्चार्ज. निवृत्त झाले आणि एका संस्थेनं बोलावलं. ही संस्था जिल्ह्यातल्या लहान लहान हॉस्पिसना डॉक्टर पाठवते, औषधं पुरवते. हॉस्पिस म्हणजे आता बरं होणार नाही असं ठरलेल्या माणसाला सांभाळायची जागा. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून माणूस त्याच दिवशी मरत नाही हो. मधे दिवस असतात, कधी महिने असतात. त्या दिवसांत दुखणं कमी ठेवायचं, अंग स्वच्छ ठेवायचं, घरच्यांना धीर द्यायचा. हे कोण नीट करतं आणि कोण नुसती पाटी लावून बसलंय, ते बघून मी अ, ब, क अशी श्रेणी द्यायची. क मिळाला की पुन्हा तपासणी होईपर्यंत डॉक्टर आणि औषधं बंद.

संपादकांनी कळवलंय, कामातल्या समाधानाबद्दल लिहा. समाधानाबद्दल लिहिणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मी जळण्याबद्दल लिहिणार आहे. मी फार जळले. एका बाईवर जळले, वर्षानुवर्षं जळले, आणि त्याची भरपाई भलत्याच माणसानं केली.

आधी काम कसं असतं ते सांगते. केंद्रात गेल्यावर ऑफिसात बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. सरळ शेवटच्या पलंगापाशी जायचं, कारण दाराजवळचे पलंग सगळेच नीट ठेवतात. पेशंटला नाव सांगायचं, बघू का म्हणून विचारायचं आणि मग पायावरची चादर बाजूला करून टाचा बघायच्या. पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. ते झालं नाही तर कंबर, कुल्ले आणि टाचा आधी लाल होतात, मग फुटतात. फाईलमध्ये काहीही लिहा, टाच खोटं बोलत नाही. मग तोंड. पेशंटला पाणी गिळवत नसलं तरी ओल्या कापसानं त्याचे ओठ, जीभ पुसत राहायचं असतं. हे काम कोणी बघत नाही, म्हणून तेच सगळ्यात आधी बुडतं.

जाम गावाजवळ हायवेला लागून एक केंद्र होतं, आता बंद झालं. तिथं मी येणार हे त्यांना आधीच कळलं होतं. चादरी कोऱ्या, दुकानातल्या घड्या तशाच दिसत होत्या. अगरबत्तीचा एवढा धूर की पेशंट खोकत होते. सगळे म्हातारे भांग पाडून बसवलेले. एकानं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "म्याडम, तुम्ही रोज येत जा. आज मले दोनदा आंघोळ घातली." त्याच्या टाचा मी बघितल्या आणि कोऱ्या चादरींचं सगळं कौतुक तिथंच संपलं.

दुसरा भाग घरच्यांशी बोलायचा. पेशंट गेल्यावर तेरवी होईपर्यंत आम्ही त्या घरी जात नसू. तेरवीनंतर जायचं आणि विचारायचं. आपली माणसं अशी, की विचारलं, "केंद्रात सगळं ठीक होतं?" तर डोळे पुसत म्हणणार, "लय चांगलं होतं जी, आमचंच नशीब." गेलेल्याच्या नावानं तक्रार करायची नाही ही आपली रीत. म्हणून मी दुसरंच विचारायला लागले. "शेवटच्या दिवशी पहिला फोन कोणाला केला? उचलला का?" या एका प्रश्नावर माणसं मोकळी होत.

केळझरकडच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, "फोन उचलला, पण म्या बोललोच नाई."

"का हो?"

"बोलाले होऊनच नाई राह्यलं. आमची बुडी माय गेलती. त्या बाई म्हणाल्या, भाऊ, बोलू नका, नुसता फोन धरून ठेवा, मी हाये इकडं. अर्धा घंटा आम्ही दोघंबी गप होतो. मंग म्या म्हटलं, ठेवतो. त्या म्हणाल्या, ठेवा."

मी वही मिटली. इतकी वर्षं सिस्टरकी केली, पण फोनवर गप बसायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी त्याला मृत्यूच्या दाखल्याचं सांगितलं असतं, रुग्णवाहिकेचा नंबर दिला असता. "कोणत्या बाई?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"देवळीच्या वंदनाबाई."

जिथं जावं तिथं वंदनाबाई! दुसऱ्या केंद्रातल्या पेशंटची माणसंसुद्धा म्हणायची, देवळीला नेलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

वंदना माझ्या वॉर्डात मदतनीस म्हणून आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. पहिल्या आठवड्यात एक पेशंट गेला तर ही जिन्यात जाऊन रडत बसली. मीच तिला उठवून आणलं. पेशंटला वळवायचं कसं, तेही मीच शिकवलं: आधी त्याला सांगायचं, मग हात तळहाताशी घासून गरम करायचे, एक हात खांद्याखाली, एक कुल्ल्याखाली, आणि ओढायचं नाही, आपल्याकडे घ्यायचं. पुढं तिनं नर्सिंगचा कोर्स केला, सिस्टर झाली. आणि मग एके दिवशी नोकरी सोडून देवळीला सासरच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये सहा पलंगांचं केंद्र काढून बसली.

आता खरं सांगते. ते केंद्र माझं होतं. म्हणजे माझ्या डोक्यातलं होतं. चार्टच्या पाठकोऱ्या कागदावर मी त्याचं चित्र काढलं होतं. खिडक्या पलंगाच्या उंचीला, म्हणजे पडल्या पडल्या रस्ता दिसावा, माणसं, बैल, सायकली दिसाव्यात. छताकडे बघत का मरायचं माणसानं? हे मी वंदनाला डब्बा खाताना कितीदा सांगितलं असेल. तिनं माझी कल्पना चोरली, असं मी पुढं अर्ध्या वर्ध्याला सांगत फिरले. चोरली कसली, माझं कपाळ! मी नुसती बोलत राहिले. पेन्शन बसू दे, मुलीचं लग्न होऊ दे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. तिनं गोडाऊन झाडलं आणि पलंग मांडले.

तर तिच्या केंद्राची तपासणी माझ्याकडे आली. फॉर्मच्या पहिल्याच पानावर प्रश्न असतो: या केंद्राशी किंवा चालकांशी आपला पूर्वीचा संबंध आहे काय? मी लिहिलं, नाही.

मला बघून ती दारातच थबकली. मग पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. "सिस्टर, तुम्ही! मले वाटलं नागपूरचं कोणी येईन."

"मी तपासणीला आले आहे, वंदना. आधी शेवटचा पलंग दाखव."

शेवटच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या टाचा स्वच्छ. पाचव्याच्याही. सगळ्यांच्या. जिभा ओल्या. मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडे, गोळ्या मोजल्या तर वहीशी बरोबर. मी बाहेर जाऊन पानठेलेवाल्याला त्याच्या फोनवरून केंद्राचा नंबर लावायला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. आणि आत येताना मी मान वर केली. खिडक्या पलंगाच्या उंचीला. पडलेली एक म्हातारी कुशीवर होऊन रस्त्यावरचं भांडण बघत होती आणि मजेत हसत होती.

 लोक म्हणतात मत्सरानं माणूस पेटतो, मला तर थंडी वाजल्यासारखं झालं. एवढ्या चांगल्या जागेत उभी राहून मी देवाला म्हणत होते, काहीतरी चूक सापडू दे रे बाबा.

सापडली! पेशंटच्या फाईलमध्ये वेदनेचा एक तक्ता असतो. रोज तीनदा विचारायचं, शून्य ते दहात दुखणं किती, आणि आकडा लिहायचा. त्या आकड्यावर डॉक्टर डोस ठरवतात. वंदनाच्या फाईलमध्ये आकडे नव्हतेच. मू, ओ, ओ, ग, ओ, मू. एकीकडे लाल पेनानं बं.

"हे काय लावलंय?" मी विचारलं. आवाजातला आनंद मलाच ऐकू आला.

वंदना लाजली. "ते... मूठ, ओटी, गठुडं, बंडी."

"म्हणजे?"

"सिस्टर, ह्या बाया सगळ्या कापूस येचलेल्या. दहात किती म्हटलं की गप बसतात, नाईतर आपल्याले बरं वाटन तेवढं सांगतात. पण वजन त्याइले आंगानं मालूम हाये. मूठभर दुखत असन तं कामं होतात. ओटीभर म्हणजे कमरेले वढ लागते, पण चालता येते. गठुडंभर म्हणजे डोक्यावर घेतल्यावर दुसरं काही सुचत नाई. अन् बंडी म्हणजे भरली बैलगाडी, एकल्या माणसाच्या हातचं नाई." मग ती त्या खिडकीतल्या म्हातारीकडे वळली. "काय वं माय, आज किती?"

"काल गठुडंभर होतं," म्हातारी भांडणावरची नजर न काढता म्हणाली, "आज ओटी हाये. पण ओटी गच्च दाबून भरली बरं का, पोरी. हलकी नोको समजू."

काय सांगू, मी मनातून हरले. बत्तीस वर्षं मी विचारत आले, आजी, दहापैकी किती? उत्तरं काय यायची? "तुम्ही म्हणान तेवढं." "पास व्हाले किती लागते?" एकीनं तर मला विचारलं होतं, "बाई, तुम्हाले किती पाह्यजे?" आणि इथं ही म्हातारी कालचा आणि आजचा फरक तागडीत घालून देत होती. कापसाच्या मुलखात जन्मले, माझी आई, बहीण वेचणीला जायच्या, आणि हे मला सुचलं नाही. वंदनाला सुचलं.

मी तिला विचारायला पाहिजे होतं, हे डॉक्टरांना कसं कळवतेस? तिच्याकडे त्याचं उत्तर होतं, नंतर कळलं. डॉक्टरांना तिनं मागेच सगळं समजावून दिलेलं होतं. मी विचारलंच नाही. फॉर्मवर लिहिलं: वेदनेची मोजणी प्रमाणित पद्धतीने होत नाही, नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. त्या रकान्याला सगळ्यात जास्त वजन असतं. त्या एका ओळीनं वंदनाचं केंद्र अ वरून क वर आलं. त्या ओळीतला एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर मला झोप लागली.

त्या वेळी माझी मोठी बहीण माझ्या घरी होती. आक्का. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. केळझरकडे त्यांची शेती, वांगी, मेथी, कोथिंबीर काढून सेलूच्या बाजारात नेऊन बसायची ती, अगदी मागच्या वर्षापर्यंत. मुलगा-सून म्हणाले, आम्ही बघतो. मी म्हणाले, घरात सिस्टर असताना तुम्ही कशाला? खिडकीशी पलंग टाकला, स्वतंत्र वही केली. रोज तीनदा विचारायची, "आक्का, दहापैकी किती?" ती म्हणायची, "दोन." मी लिहायची, दोन. डॉक्टर फोनवर विचारायचे, मी अभिमानानं सांगायची, दोनच आहे. डोस होता तेवढाच राहायचा. माझी वही बघून कोणीही अ दिला असता.

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी वंदना माझ्या दारात. हातात केंद्राची भेटीची वही. "सिस्टर, तुमची सही राह्यली."

मी टेबलावरच्या अहवालावर पेपर टाकला आणि सही केली. आलीच आहे तर चहा विचारावा लागला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ती आक्काच्या पलंगाशी जाऊन बसली. भिंत एवढीशी, आवाज सगळा ऐकू येतो.

"काय वं आक्का, दुखणं किती हाये?"

"दोन."

"दोन काय? मूठ का ओटी?"

आक्का हसली. किती दिवसांनी ती हसलेली मी ऐकली.  मग म्हणाली, "गठुडं हाये पोरी. रोजचंच. वाटते कोणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावं."

हातातली गाळणी तशीच. चहा उतू गेला.

वंदना आत आली. हळूच म्हणाली, "सिस्टर, आजच डॉक्टरले फोन लावा. डोस लय कमी पडून राह्यला तिले."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पाहुणे आले की पेशंट वाढवून सांगतात. तुला एवढंही ठाऊक नाही? मी रोज विचारते तिला."

"पण सिस्टर..."

"मी बघते, वंदना. ती माझी बहीण आहे."

ती गेली. चहा न घेता गेली. मी आक्काजवळ गेले आणि विचारलं, "आक्का, मूठभर आहे की ओटीभर?" ते शब्द माझ्या तोंडात कसेतरीच वाटले.

"मूठभर बी नाई वं," आक्का म्हणाली. "तू नोको चिंता करू."

बघा, मी स्वतःला म्हणाले, मी सांगितलं नव्हतं? पण आतून मला पक्कं ठाऊक होतं की तिनं वंदनाला खरं सांगितलं आणि मला खोटं. माझी सख्खी बहीण! लहानपणी जिच्या कडेवर वाढले, नर्सिंगच्या शाळेत जिनं मला ट्रंक डोक्यावर घेऊन पोचवलं, ती बहीण अर्ध्या तासाच्या ओळखीच्या बाईजवळ मन मोकळं करते आणि माझ्याजवळ नाही. मला आक्काचा राग आला. आजारी माणसाचा राग आला! दुसऱ्या दिवशी मी अहवाल पाठवून दिला, आणि संध्याकाळी वंदनाचा फोन आला तेव्हा सांगितलं, "ठीक आहे ती. तू तुझे पेशंट बघ." डॉक्टरांना फोन केला नाही. वहीत लिहिलं, दोन.

असे चार दिवस गेले. चार दिवस आक्का गठुडं डोक्यावर घेऊन माझ्या घरात पडून होती आणि ते उतरवायची गोळी माझ्या कपाटात होती. हे मी पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे.

अहवालाचं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहणार नाही. पाचव्या दिवशी मी संस्थेला लिहिलं की माझा अहवाल रद्द करा, चालकांशी माझा जुना संबंध आहे, तो मी लपवला, आणि माझं मन साफ नव्हतं. त्यांनी दुसऱ्या बाईंना पाठवलं. केंद्राला अ मिळाला. डॉक्टरांची एक फेरी तेवढी हुकली. मला त्यांनी नम्रपणे कळवलं की यापुढे आपल्याला त्रास देणार नाही. बरोबरच केलं, मी त्यांच्या जागी असते तर एवढं नम्र पत्र लिहिलं नसतं.

आक्काच्या तेरवीनंतर मी देवळीला गेले आणि वंदनाला सगळं सांगितलं, ते क सकट. ती पलंगाची चादर बदलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले मालूम होतं."

"कसं काय?"

"तुम्ही सही कराले कधी विसरत नाई, सिस्टर. त्या दिवशी विसरल्या. म्हटलं, काही तरी बिनसलं."

"मग सहीसाठी कशाला आलीस? माझी मनधरणी करायला?"

"नाई जी," ती म्हणाली, "आक्का बिमार हाये असं ऐकलं होतं. सहीचं निमित्त केलं." मग चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "धरा."

मी धरलं. काय करता? एखाद्या माणसानं इतकं चांगलं असू नये. दुसऱ्याला जगणं अवघड होतं. मी आजही तिच्यावर जळते, फक्त आता ते तिला ठाऊक आहे. महिन्यातून दोनदा जाते, चादरी बदलते, नव्या पोरींना वळवायला शिकवते. परवा एक पेशंट मला म्हणाला, तुम्ही वंदनाबाईंच्या हाताखाली असता का? मी म्हणाले, हो. जेवण गोड लागलं नाही त्या दिवशी.

आता ती पाचव्या दिवसाची दुपार. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मी पडदा ओढला होता. आक्का ग्लानीत होती, अंगात ताप. कपाळावर थंड पट्टी ठेवायला मी वाकले, तर तिनं माझं मनगट धरलं आणि डोळे न उघडता विचारलं, "वंदना का वं?"

तोंडाशी आलं होतं, नाही आक्का, मी शोभा. का कोण जाणे, आलं नाही. नोकरीत माझी बोली पार धुतली गेली होती. घरीसुद्धा मी मले-तुले सोडून मला-तुला बोलायची, आक्का त्यावरून चिडवायची. त्या दुपारी किती वर्षांनी ते शब्द आपोआप तोंडात आले. आवाज खाली घेऊन मी म्हणाले, "हाव आक्का. किती हाये दुखणं?"

"बंडी झाली, पोरी."

मी पलंगाच्या कडेवर बसले. "मंग शोभाबाईले काऊन नाई सांगत?"

"तिले नोको सांगजो," आक्का म्हणाली. एकेक शब्द ओढत, मधे थांबत. "तिनं जिंदगीभर लोकाइचं दुखणं उतरवलं. सख्ख्या बहिणीचं नाई उतरलं म्हटलं तं तिले वाटन, आपल्याले काहीच येत नाई. ते लय मनाले लावून घेते. लहानपणापासून तशीच हाये. मी म्हणतो दोन, तं कशी खुश होते पाह्य, वहीत लिहिते."

 माझ्यावर भरवसा नाही म्हणून ती लपवते, असं मी धरून चालले होते. ती मला पास करत होती. रोज तीनदा.

तिनं माझा हात चाचपला, उलटा केला, तळवा आपल्या गालाला लावला. "हात अगदी शोभासारखा हाये वं तुहा."

"तिनंच शिकवलं मले," मी म्हणाले.

मग उठून बाहेर ओट्यावर गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. डोस वाढला. संध्याकाळपर्यंत आक्काच्या कपाळावरची आठी गेली आणि तिनं दोन घास भात मागून खाल्ला.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. वंदनालाही बोलावलं होतं मी, ती येऊन जायची, पण तिचे सहा पेशंट टाकून रोज कुठून येणार? ज्या दिवशी ती येत नसे, त्या दिवशी दुपारी मी पडदा ओढायची, हात घासून गरम करायची आणि आवाज खाली घेऊन विचारायची, काय वं आक्का, किती हाये? ती खरं सांगायची. तिनं मला ओळखलं होतं की नाही, देव जाणे. मी तसाच डोस द्यायची. शोभा होऊन मी तिला पुन्हा एकदाही विचारलं नाही. तिनं दोन म्हटलं असतं, आणि मला ते लिहून घ्यावं लागलं असतं.